मीठ, उदक आणि फौजेचा धर्म

इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या नावाची गढी आहे, आणि त्याच गावात चाँदशाहवलींचा दर्गा आहे. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले ते निजामशाहीच्या चाकरीत. शिवाजी महाराजांचे आजोबा एका सुलतानाचे मीठ खाऊन त्या सुलतानासाठी मेले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते. वाचणाराही ती ओळ झरकन ओलांडून पुढे जातो, कारण तिथे थांबले तर प्रश्न अंगावर येतो: मालोजी ज्या फौजेत होते ती फौज कोणत्या धर्माची? निजामशाही, आदिलशाही, मोगल या सगळ्यांच्या लष्कराला आपण ‘इस्लामी फौज’ हे एकच विशेषण चिकटवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की हे विशेषण राजाला लागेल, दरबारच्या शिक्क्याला लागेल, एखाद्या स्वारीच्या हेतूलाही लागेल, पण फौजेला लागत नाही. फौज ज्या धाग्याने शिवलेली असते तो धागा मिठाचा असतो. आणि हे एकदा मान्य केले की तिच्या पापपुण्याचा हिशेब धर्माच्या नावावर घाऊक मांडता येत नाही. तो माणसागणिक, नावनिशीवार मांडावा लागतो.

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल. 836 साली खलिफा मुतसिमने बगदाद सोडून सामर्‍याला नवी राजधानी वसवली, त्याचे मोठे कारण त्याचे तुर्की गुलाम सैनिक आणि बगदादकर यांच्यातल्या कटकटी हेच होते. म्हणजे इस्लामच्या केंद्रस्थानी बसलेल्या खलिफाला आपल्याच नगरातल्या मुसलमानांपेक्षा गवताळ प्रदेशातून विकत आणलेली पोरे जवळची वाटत होती. यात विसंगती वाटते, पण ती शरीयतच्या एका नियमातून आलेली आहे. मुसलमानाला गुलाम करता येत नाही. म्हणून गुलामांची फौज उभारायची तर माणूस जन्माने परधर्मीयच हवा. धर्मशास्त्र जितके काटेकोर पाळावे तितकी भरती धर्माबाहेरून करावी लागे. विकत घेतल्यावर त्यांना मुसलमान करत हे खरे, पण भरतीची दिशा त्या नियमाने ठरवली. तुर्क, हबशी, कॉकेशसच्या डोंगरातले चेर्केस आणि गुर्जी म्हणजे जॉर्जियन, हे सगळे याच वाटेने आले. 1382 नंतर इजिप्तच्या तख्तावर चेर्केस मामलुक बसले. इराणच्या पहिल्या शाह अब्बासने आपल्याच किझिलबाश सरदारांचा जोर मोडायला जॉर्जियन आणि आर्मेनियन गुलामांची फळी उभी केली. सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने तर राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट सल्ला दिला आहे की सैन्य एकाच जमातीचे ठेवू नये, वेगवेगळ्या लोकांचे मिसळून ठेवावे, म्हणजे कोणी शेफारत नाही. हा वजीर पक्का सुन्नी, मदरसे बांधणारा. फौजेचा विचार करताना मात्र तो एखाद्या हिशेबी सावकारासारखा बोलतो.

दख्खनमध्ये हे गणित आणखी गुंतागुंतीचे झाले. बहमनी राज्य फुटून जी राज्ये निघाली त्यांच्या मूळपुरुषांकडे पाहावे. नगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन बहिरी हा परंपरेप्रमाणे पाथरीच्या ब्राह्मण घरातला. वर्‍हाडच्या इमादशाहीचा फतहुल्ला विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू, लढाईत पकडला गेलेला. गोवळकोंड्याचा सुलतान कुली हमदानकडचा तुर्कमान. विजापूरचा युसुफ आदिलखान नेमका कुठला यावर इतिहासकारांचे भांडण आहे. फिरिश्ता त्याला ऑटोमन राजपुत्र म्हणतो, तर दुसरे एक मत त्याला बहमनी वजीर महमूद गावानने विकत घेतलेला जॉर्जियन गुलाम ठरवते. दरबारात खरी फूट होती ती दख्खनी आणि आफाकी यांच्यात, म्हणजे इथले आणि समुद्रापलीकडून आलेले. पंधराव्या शतकाच्या मध्याला कोकणच्या स्वारीत तिथल्या शिर्के सरदारांनी बहमनी फौज डोंगरात गाठून कापली. जे आफाकी जगून चाकणला परत आले, त्यांना मारले दख्खनी सरदारांनी, आणि तेही सुलतानाकडून हुकूम मिळवून. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, मेलेल्यांत सय्यद घराण्यातलेही. पुणे जिल्ह्यातल्या एका भुईकोटाजवळ घडलेल्या या कत्तलीला कोणता धर्म द्यायचा?

मालोजींच्या काळी नगरची सूत्रे ज्याच्या हाती जात होती तो मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलामांच्या बाजारात विकला गेला, आणि नगरच्या चंगीझखानाने त्याला विकत घेतला. तो चंगीझखान स्वतः हबशी. विल्यम फिंच या इंग्रज व्यापार्‍याने 1610 च्या सुमारास अंबरच्या फौजेचा आकडा नोंदवला आहे: दहा हजार त्याच्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे हबशी, आणि चाळीस हजार दख्खनी. या दख्खन्यांतला मोठा भाग मराठा घोडेस्वारांचा. भीमा आणि नीरेच्या खोर्‍यातले, म्हणजे आजच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातले भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण चिवट; थोड्या चार्‍यावर लांब पल्ला मारणारे. अंबरचा गनिमी कावा याच जनावराच्या पाठीवर चालला. यातही शिलेदार आणि बारगीर हा भेद होता. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारचा. घोडा मेला तर शिलेदाराचे घर बुडे, बारगिराचे बुडत नसे. निष्ठा किती घट्ट आणि कशाला बांधलेली, हे या एका भेदातून जितके कळते तितके कलम्यातून किंवा गायत्रीतून कळत नाही. 1624 साली नगरजवळ भातवडीला लढाई झाली. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला. त्याच्या बाजूला शहाजी आणि शरीफजी हे मालोजींचे दोन मुलगे. या दोघांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाची, अशी परंपरा सांगते. समोर मोगल, विजापूरच्या फौजेचा सेनापती इराणी मुल्ला मुहम्मद लारी, आणि मोगलांकडे गेलेले लखुजी जाधव, म्हणजे शहाजींचे सासरे. शरीफजी तिथेच पडले, लारीही पडला. पुढे 1629 साली लखुजींना दौलताबादच्या दरबारात निजामशाहाने मारवले. सासरा-जावई समोरासमोर, हबशी आणि भोसले एका बाजूला, इराणी आणि जाधव दुसर्‍या. या रणात धर्माची रेघ ओढायला घेतली की ती प्रत्येक तुकडीच्या मधूनच जाते.

हत्यारांचीही हीच कथा. मराठ्यांच्या हातातली फिरंग घ्या. पाते सरळ, लांब, युरोपातून पोर्तुगीज बंदरांमार्गे आलेले. मूठ इथली, हात पूर्ण झाकणारी परज इथली, मुठीच्या टोकाला बाहेर आलेला गज इथला. पाते मुठीत लाखेने बसवलेले. काही पात्यांवर दातेरी कोयत्यासारख्या दोन अर्धचंद्राकृती खुणा असतात. त्या जिनोव्हा आणि उत्तर इटलीकडच्या कारागिरांच्या. गंमत अशी की याच खुणा कॉकेशसमधल्या जुन्या तलवारींवरही सापडतात, कारण काळ्या समुद्राच्या काठी जिनोव्हाच्या वखारी होत्या आणि तिथूनही पाती विकली जात. पुढे खुणेला इतकी पत आली की गावोगावचे लोहार स्वतःच्या पात्यावर तीच ठोकू लागले. नक्कल तेव्हाही होत होतीच. चेर्केसाच्या कमरेचा किंजाल आणि मावळ्याच्या कमरेचा खंजीर हे एकाच अरबी-फारसी शब्दाचे दोन उच्चार आहेत. जिरेटोप, बख्तर, फिरंग, शिलेदार, बारगीर: हे शब्द आपण इतके अस्सल मराठी मानतो की ते परके असल्याची आठवण करून दिली तर थोडे रागावतोही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की सुलतानांच्या फतहनाम्यांत, तवारिखांत जिहादची भाषा आहे, काफिरांचा उल्लेख तुच्छतेने आहे, देवळे फोडली आहेत, जिझिया बसवला आहे; हे सगळे काय केवळ शाई होती? नाही. ते घडले आणि ज्यांच्यावर घडले त्यांना ते शाईचे वाटले नसणार. पण राज्य काय म्हणते आणि फौजेत कोण आहे हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. औरंगजेबाने 1679 साली जिझिया पुन्हा बसवला. आणि इतिहासकार एम. अतहर अलींच्या मोजणीप्रमाणे 1679 ते 1707 याच काळात एक हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण सुमारे 31.6 टक्के झाले, अकबराच्या 1595 च्या सुमाराच्या 22.5 टक्क्यांपेक्षा जास्त. ही वाढ मुख्यतः मराठे सरदार फोडण्यातून आली. बादशहाचे फर्मान एक बोलत होते आणि त्याचा खजिना दुसरेच करत होता. आक्षेप घेणार्‍याला यातून औरंगजेब सहिष्णू ठरेल अशी भीती वाटत असेल तर ती अनाठायी आहे. ठरते ते इतकेच की असहिष्णू राजाची फौजसुद्धा त्याच्या धर्माची नसते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मग श्रद्धेला काही जागाच नव्हती, सगळा रोख पगाराचा मामला होता? हेही खोटे. विजयनगरच्या दुसर्‍या देवरायाने मुसलमान तिरंदाज चाकरीत घेतले, तेव्हा सिंहासनासमोर कुराणाची प्रत ठेवली, असे फिरिश्ता सांगतो. मुजरा करताना त्यांची मान राजापुढे झुकल्यासारखी दिसावी आणि त्यांच्या मनात ती ग्रंथापुढे झुकलेली असावी. इकडे आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत. म्हणजे श्रद्धा होती, आणि तिचे काम होते साक्ष देण्याचे. मीठ कोणाचे खायचे हे ती ठरवत नसे. खाल्ल्यावर त्याला जागण्याची हमी मात्र ती देई.

इथे खरा धार्मिक प्रश्न सुरू होतो, आणि तो सुलतानांच्याही आधीचा आहे. बारामतीला कर्‍हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी सबंध महाभारत आर्यांत आणले. त्या महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर शस्त्र खाली ठेवून, चिलखत उतरवून पायी शत्रूच्या सेनेत जातो आणि भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांच्याकडे एकेक करून आशीर्वाद मागतो. चौघेही त्याला जय चिंतितात आणि चौघेही सांगतात की कौरवांच्या धनाने आपण बांधले गेलो आहोत, तेव्हा लढणे सोडून दुसरे काही माग. न्याय कोणत्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते दुसर्‍या बाजूला उभे आहेत. कुरुक्षेत्रावरही दोन्हीकडचा देवधर्म एकच होता हे आपण विसरतो. खाल्ल्या मिठाचा धर्म जगातल्या कोणत्याही संप्रदायापेक्षा जुना आणि बळकट आहे हे या प्रसंगात दिसते. पण महाभारत भीष्मांना त्याबद्दल शाबासकी देत नाही. असे बोलताना मी पुरुषार्थहीनासारखा बोलतो आहे, अशी कबुली खुद्द भीष्मच देतात. मीठ म्हणजे कारण झाले. ती सुटका नव्हे.

म्हणून ‘मराठे सरदार बिचारे पोटासाठी परक्यांच्या फौजेत होते’ हा मवाळ युक्तिवाद मला मान्य नाही. फौजेला धर्म नसतो असे म्हटले की अपराधही कोणाचा नसतो असे काहींना वाटते. उलट आहे. अफजलखानाने तुळजापूर, पंढरपूरला उपद्रव दिल्याचे मराठी साधने सांगतात. त्याच खानाच्या छावणीत खुद्द भोसले घराण्यातले मंबाजी होते, आणखीही मराठे सरदार होते. तुळजापूरची बातमी ज्यांच्या कानावर गेली आणि तरी ज्यांनी तळ सोडला नाही, त्यांचा वाटा त्यांच्या नावावरच लिहावा लागेल. आणि प्रतापगडाखाली महाराजांबरोबर निवडक माणसांत सिद्दी इब्राहीम होता. त्याचा वाटा त्याच्या नावावर. पहिल्यांना धर्माच्या आडोशाने वाचवणे आणि दुसर्‍याला धर्माच्या कारणाने विसरणे ही एकच चूक आहे.

मीठ खाल्ल्यावर माणसाला निवड उरते का, याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा 1659 सालच्या रोहिडखोर्‍यात चांगले सापडते. अफजलखान निघाला तेव्हा आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांना आली: शिवाजीला सोडा, खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. कारीचे कान्होजी जेधे आणि उत्रवळीचे खंडोजी खोपडे, दोघे एकाच खोर्‍यातले देशमुख, एकाच देवाचे, एकाच तख्ताचे वतनदार. खोपडे खानाकडे गेले. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडले. उदक हे दानाचे. ते सोडले की वस्तू आपली राहत नाही, आणि जी आपली नाही तिच्या भीतीने कोणी बांधता येत नाही. भीष्मांना जे जमले नाही ते या देशमुखाने ओंजळभर पाण्यात केले. खान मारला गेल्यावर खोपडे लपून राहिले, आणि त्यांच्या जिवासाठी महाराजांकडे रदबदली करायला गेले ते कान्होजीच. त्यांच्या शब्दाखातर जीव वाचला. खोपड्यांचा उजवा हात आणि डावा पाय मात्र तोडला गेला.