संशयाची तर्कनिष्ठा

छळभ्रमाने ग्रासलेल्या माणसाची विचारशक्ती नष्ट झालेली असते, हा समज सोयीचा आहे. रूसोचे चरित्र वाचताना मात्र तो टिकत नाही.

१७६२ मध्ये पॅरिस आणि जिनीव्हा येथे त्याचा ‘एमिल’ जाळण्यात आला, अटकेचा हुकूम निघाला. १७६५ मध्ये मोतिए या गावी घरावर दगड पडले. छळ खराच होता. १७६६ च्या जानेवारीत डेव्हिड ह्यूमने त्याला आश्रयासाठी इंग्लंडला नेले, आणि काही महिन्यांतच ह्यूम हाच कटाचा सूत्रधार अशी रूसोची खात्री पटली. जुलैतल्या प्रदीर्घ पत्रात त्याने आधार मांडले आहेत : ह्यूमची रोखलेली नजर, प्रवासात झोपेतल्या ह्यूमच्या तोंडून ऐकलेले आपले नाव, होरेस वॉल्पोलने प्रशियाच्या राजाच्या नावे रचलेले थट्टेचे पत्र. हे आरोपपत्र एखाद्या निष्णात वकिलाला शोभावे इतके सुसंगत आहे. उणीव एकच : त्यात योगायोगाला जागा नाही. ह्यूमने राजाकडून निवृत्तिवेतन मिळवून देण्याची खटपट केली, तेही जाळेच ठरले. जेथे उपकारही अपकाराची साक्ष देतो, तेथे विरुद्ध पुरावा संभवतच नाही.

येथे समीक्षकाने थोडे अस्वस्थ व्हावे. कवितेतील एकही शब्द निष्कारण नाही असे गृहीत धरूनच आपण वाचतो. विद्यार्थ्यांना शिकवतोही तेच. पण कवितेमागे शब्द निवडणारा कोणीतरी असतो. रूसोने आपले सारे आयुष्यच परक्या हाताने लिहिलेल्या संहितेसारखे वाचले.

आणि ह्यूम? आरोप खोटा होता. परंतु स्वतःच्या लौकिकाला जपण्यासाठी त्याने त्याच वर्षी हा पत्रव्यवहार छापू दिला. जग आपल्याला हसते आहे असे मानणाऱ्या मित्राला खरोखरीच जगाच्या हास्याचा विषय केले. ह्यूमला दोष देताना मला संकोच वाटतो, दोषमुक्त करताना त्याहून अधिक.

फेब्रुवारी १७७६ मध्ये आपल्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘संवादां’चे हस्तलिखित नोत्र-दामच्या वेदीवर ठेवावे म्हणून रूसो गेला. वाटेत जाळीचे दार बंद होते. ती जाळी पूर्वी कधी त्याच्या ध्यानातच आली नव्हती; ईश्वरही कटात सामील झाला, असे त्या क्षणी त्याला वाटले. पुढे, अजूनही न्याय आणि सत्य प्रिय असलेल्या फ्रेंच माणसांना उद्देशून त्याने पत्रके लिहिली व रस्त्यात अनोळखी लोकांपुढे धरली. मथळा वाचून, हे आपल्यासाठी नाही, असे म्हणत लोक ती परत करीत.