सात सेलांचं घर

वडोदऱ्याच्या कारेलीबागेत, अमितनगर सर्कलच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहत असे. घरात सात माणसं : आबा, दोन मुलगे, दोन सुना आणि कॉलेजात जाणारी दोन नातवंडं. आबांची सारी नोकरी कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या त्या संस्थेचं नाव निघालं की आबा अजून ताठ बसत.

दोन्ही मुलांनी विजेवरची गाडी घेतली, आणि तीही एकाच मॉडेलची : चाळीसेक किलोमीटरवरच्या हालोलच्या कारखान्यात बनणारी एमजी विंडसर. धाकट्याची बॅटरी ३८ किलोवॉट-तासांची, थोरल्याची ५२.९. मोटर मात्र दोन्ही गाड्यांना १०० किलोवॉटचीच.

श्रावणातल्या एका रविवारी सगळे पावागडला जाऊन आले. माचीपर्यंतचा चढ दोन्ही गाड्या चढल्या आणि घरी येताच वाद सुरू झाला.

"माझ्या बॅटरीला चढ जाणवलासुद्धा नाही," थोरला म्हणाला.

"दादा, मोटर तीच, चढ तोच. मग तुझ्याच बॅटरीला कष्ट कमी कसे? तुझी जास्त लांब जाते, एवढंच."

आबांनी लाइटबिलाच्या मागे पेन्सिल चालवली. "पेडल पूर्ण दाबलं की मोटर १०० किलोवॉट मागते. धाकट्याच्या बॅटरीत दर किलोवॉट-तासाच्या वाट्याला त्यातले २.६ किलोवॉट येतात, थोरल्याच्या बॅटरीत १.९. सेलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सेल एकाच जातीचे धरले, तर तेवढ्याच क्षमतेमागे थोरल्याकडे ती जवळपास निम्मी. आणि सेल लवकर झिजतो तो उष्णतेनं. आता लाख किलोमीटरचा हिशेब. शंभर किलोमीटरला १५ युनिट धरली, तर धाकट्याची बॅटरी सुमारे ३९५ वेळा भरून रिकामी होईल, थोरल्याची २८४ वेळा. मोठी बॅटरी जड, म्हणून वीज थोडी जास्त खाईल. तरी फरक उरतोच."

"म्हणजे मोठं ते मोठंच!" थोरला खूश झाला.

"थांब. सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी कमजोर पडला, तर तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. मग बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही उपयोग नाही. त्या एकाला वाचवायला गाडीची यंत्रणा सगळ्या बॅटरीचाच हात आखडता घेते."

"वहिनी, चहा!" धाकट्यानं आत हाक मारली.

थोरली सून चहा घेऊन आली. पावागडहून आल्यापासून ती टेकली नव्हती : ओले कपडे, रात्रीचा स्वयंपाक, माळ्यावरून काढलेली पूजेची भांडी. ट्रे ठेवून ती शांतपणे म्हणाली, "यंदा गौरी-गणपतीचं माझ्याच्यानं होणार नाही."

सगळे चमकले. "अगं, दर वर्षी तर करतेस," थोरला म्हणाला. "आणि घरात सात माणसं आहेत. अडचण कसली?"

आबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बॅटरीत निदान सगळ्या सेलांतून सारखाच करंट वाहतो. आपलं घर सात सेलांचं, पण ओढतोय आपण एकीतूनच. त्यात मीही आलो."

धाकट्यानं मान खाली घातली. कागद उलटून आबांनी दुसरा हिशेब मांडला. खंडेराव मार्केटातून फुलं-पत्री आणणं धाकट्याकडे, भांडी थोरल्याकडे, मखर नातवंडांकडे, गौरींचा नैवेद्य धाकट्या सुनेकडे, नारळ खवणं आबांकडे.

"आणि मी?" थोरलीनं विचारलं.

"तू सांग."

"मोदक मीच करीन. ते मला मनापासून आवडतात."

गणपतीत थोरल्याची भांडी घासून व्हायला रोज उशीर झाला, मखर कललं आणि नैवेद्य एकदा अळणी झाला. पण घरातली एकही गोष्ट अडली नाही, आणि थोरली सून कैक वर्षांनी आरतीला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत उभी राहिली.

तात्पर्य : घर मोठं असलं म्हणून कुणाचा भार आपोआप हलका होत नाही; तो वाटून घ्यावा लागतो. सर्वांत थकलेल्या माणसात जेवढं बळ उरलेलं असतं, तेवढंच त्या घराचं बळ.