नेम धरण्यापूर्वीची नियत

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन व्यक्तींनी मला एकच प्रश्न विचारला. पहिले माझे मेहुणे. त्यांची कन्या महाविद्यालयाच्या एन.सी.सी. पथकात आहे. शिबिरात तिने आयुष्यात प्रथमच रायफल हाती घेतली, गोळ्या नेमक्या लागल्या आणि प्रशिक्षकांनी तिला रायफल क्लबमध्ये सराव करण्याचा सल्ला दिला. दुसरे आमच्या मोहल्ल्यातील एक दुकानदार. जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मला थांबवून ते म्हणाले की, शेजारच्या गाळ्यात चोरी झाल्यापासून त्यांना झोप नाही. शस्त्र परवान्यासाठी अर्ज करावा असे त्यांच्या मनात आहे. दोघांनीही विचारले, हे जायज आहे का?

एका शब्दात ‘होय’ म्हणणे कठीण नव्हते. परंतु तसे म्हटले असते तर दोघांनाही चुकीचे उत्तर मिळाले असते, कारण दोघे एकाच वस्तूकडे दोन वेगळ्या दरवाजांनी आले होते.

माणसे रायफलकडे किती भिन्न वाटांनी येतात हे पाहिले तर आश्चर्य वाटते. मुंबईच्या अंजली भागवत यांना ओढ होती गिर्यारोहणाची. त्यासाठी त्या एन.सी.सी.त गेल्या आणि तेथे नेमबाजी भेटली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवून परतले. आपल्या समाजातील वाचकांना उत्तर प्रदेशातील खुर्जाचे मेराज अहमद खान यांचे नाव आठवेल. त्यांच्या हाती रायफल नव्हे, शॉटगन असते, पण २०१६च्या ऑलिंपिकमध्ये ‘स्कीट’ प्रकारात उतरणारे ते पहिले भारतीय ठरले. कोकणातील शेतकऱ्याला बंदूक हवी असते ती भातात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी. कोडगूच्या कोडव समाजात ती पूर्वजांची ठेव असते. तेथे वर्षातून एकदा शस्त्रांची पूजा होते आणि सरकारने त्यांना परवान्यातून सूटही दिली आहे. बँकेच्या दारात बाराबोरची बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी तर केवळ चरितार्थासाठी तेथे आलेला असतो. त्याला नेमबाजीची आवड आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि काहींना, आमच्या दुकानदार बंधूंप्रमाणे, भीती तेथे आणून पोहोचवते.

या सर्वांचा हिशेब एकाच मापाने कसा व्हावा? याविषयी विचार करताना मला घोड्यांची हदीस आठवली. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की, घोडा एका माणसासाठी पुण्य असतो, दुसऱ्यासाठी आडोसा असतो आणि तिसऱ्यासाठी पापाचे ओझे. अल्लाहच्या मार्गासाठी जो घोडा बाळगतो त्याला त्या जनावराने चरलेल्या गवताचेही पुण्य मिळते. जो कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून घोडा ठेवतो आणि त्यावरील अल्लाहचा हक्क विसरत नाही, त्याला तो आडोसा होतो. आणि जो गर्वासाठी, दिखाव्यासाठी व श्रद्धावंतांशी वैर करण्यासाठी बाळगतो, त्याच्या मानेवर ते ओझे असते. (हदीस – बुखारी)

या हदीसचा शेवटचा भाग फारसा सांगितला जात नाही. लोकांनी पुढे विचारले, मग गाढवांचे काय? तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी सांगितले की, गाढवांविषयी माझ्यावर स्वतंत्र असे काही अवतरलेले नाही, मात्र कणभर भलाई आणि कणभर बुराई जो करील तो ती पाहील, ही सर्वसमावेशक आयत आहे. म्हणजे ज्या वस्तूचे नाव ग्रंथात नाही तीही हिशेबातून सुटत नाही. रायफलचे नाव कोठे येणार? पण ती या उत्तराच्या कक्षेत येते.

नेमबाजीला इस्लामने खेळ म्हणूनही कधी हीन लेखले नाही. अस्लम कबिल्याचे लोक तीरंदाजीची स्पर्धा करीत असताना प्रेषित (सल्ल.) तेथून गेले आणि त्यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, तुमचे पूर्वज हजरत इस्माईल (अलै.) तीरंदाज होते, याची आठवण करून दिली. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते आणि हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांच्या आडून तो खेळ मनसोक्त पाहिला. हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) वृद्धापकाळातही दोन निशाणांच्या मध्ये येरझारा घालीत सराव करीत. कोणीतरी म्हटले, या वयात हे कष्ट कशाला? त्यांनी उत्तर दिले की, नेमबाजी शिकून जो ती सोडून देतो तो आमच्यापैकी नव्हे, असे मी प्रेषितांकडून ऐकले नसते तर हे कष्ट घेतले नसते. (हदीस – मुस्लिम)

मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला नाही. थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. त्यांना शरिअतची चिंता नव्हती. चिंता लोकांची होती. आपली मुलगी क्लबचे नाव छापलेली पिशवी खांद्यावर घेऊन बसमध्ये चढेल, तेव्हा लोक तिचे नाव विचारतील आणि नाव ऐकल्यावर काय समजतील? त्यांनी तिला ती पिशवी उलटी करून वापरायला सांगितले होते.

ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. असा विचार अनेक घरांत होतो आणि तो उगाच होत नाही. तरीही माझे मत वेगळे पडले. जे काम कायदेशीर आहे, ज्याची नोंद महाविद्यालयात व क्लबमध्ये आहे, ते लपविले की त्याला चोरीचा रंग येतो, आणि मुलीच्या मनातही तो उतरतो. झाकायचे काय असते तेही हदीसमध्ये आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी ताकीद आहे. टोक झाकायचे असते, आपले नाव नव्हे. शस्त्राचे टोक भावाकडे रोखणाऱ्याचा फरिश्ते धिक्कार करतात, मग तो सख्खा भाऊ का असेना आणि ती थट्टा का असेना. प्रत्येक रायफल रेंजवर पहिल्या दिवशी शिकविला जाणारा नियम याहून वेगळा नाही: रिकामी असो वा भरलेली, नळी माणसाकडे वळता कामा नये.

भाचीला मी एकदा विचारले, नेम धरताना मनात काय असते? ती म्हणाली, “मामू, काहीच ठेवायचं नसतं. राग असला की नेम चुकतो.” दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये निशाणाच्या मध्यबिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. श्वास स्थिर करावा लागतो आणि बोट हळूहळू आवळावे लागते. पंचाहत्तर मिनिटांत साठ फैरी. समोर कागद असतो, शत्रू नसतो. रागावर ताबा ठेवणारा खरा बलवान, ही शिकवण आपण मुलांना तोंडाने देतो. येथे ती हाताला मिळते. या वाटेने आलेल्या माणसासाठी रायफल आडोसा ठरू शकते, असे मला वाटते. खेळाडूंच्या राखीव जागांमधून नोकरी मिळाली तर तो आडोसा चरितार्थाचाही होतो.

मात्र खेळ म्हटला की सर्व माफ, असेही नाही. गावाकडे छऱ्याच्या बंदुकीने होले आणि बुलबुल टिपणारी मुले आपण पाहतो व हसून सोडून देतो. हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी काही तरुणांना कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरताना पाहिले, तेव्हा त्यांनी सांगितले की, सजीवाला निशाण बनविणाऱ्याला प्रेषितांनी शापित ठरविले आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट आहे.

आता दुकानदार बंधूंचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे, कारण त्यांच्या नेमाच्या टोकाला कागद नाही, माणूस आहे.

आपल्या मालमत्तेच्या रक्षणात जो मारला जातो तो शहीद आहे, ही हदीस त्यांना पाठ होती. ती खरीच आहे. पण नसाईमध्ये एक कथन आहे, ते त्यांनी ऐकले नव्हते. एका माणसाने विचारले, कोणी माझा माल हिरावून घ्यायला आला तर? उत्तर मिळाले, त्याला अल्लाहची आठवण करून दे. त्याने ऐकले नाही तर? आसपासच्या मुस्लिमांची मदत घे. ते जवळ नसतील तर? शासनाची मदत घे. शासन दूर असेल तर? तेव्हा कोठे लढण्याची अनुमती आली. तीन पायऱ्या चढल्यावर चौथी. आपल्या देशाचा कायदाही जवळपास हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. परंतु पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर तो हक्क नाही आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा तर कधीच नाही.

काही तरुण अशा वेळी सूरह अन्फालची साठावी आयत पुढे करतात, ज्यात सामर्थ्य सज्ज ठेवण्याची आज्ञा आहे आणि ज्याचा अर्थ प्रेषितांनी नेमबाजी असा सांगितला. ती आज्ञा मदीनेच्या संघटित समाजाला, त्याच्या नेतृत्वाखाली, उघड शत्रूच्या संदर्भात होती. आणि पुढच्याच आयतीत समोरचे शांततेकडे झुकले तर तूही झुक, असे आहे. एखाद्याने शेजाऱ्याला मनात शत्रू ठरवून घरात बंदूक आणावी, याचा आधार त्या आयतीत शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे.

भीतीच्या दरवाजातून आलेल्या शस्त्राचे पुढे काय होते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून समजते. तेथील नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये स्थापन झाली ती यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम फारच वाईट दिसला म्हणून. हेतू होता नेमबाजी शिकविण्याचा. प्यू रिसर्च सेंटरने दिलेल्या आकड्यांनुसार १९९९ मध्ये बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक शिकार हे मुख्य कारण सांगत आणि २६ टक्के संरक्षण. २०१३ मध्ये आकडे उलटले: संरक्षण ४८, शिकार ३२. २०२३ मध्ये तर ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे एक मोठे कारण असल्याचे सांगितले. बंदूक तीच, माणसेही बरीचशी तीच, नियत बदलली. आणि त्याच देशात २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले, त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. चोरासाठी ठेवलेले हत्यार बहुधा घरातल्याच कोणाच्या तरी निराश रात्री हाती येते.

भीती हा गुन्हा नव्हे. हजरत मूसा (अलै.) यांनाही भय वाटले होते. एका रात्री मदीनेत मोठा आवाज झाला आणि लोक घाबरून बाहेर पडले. प्रेषित (सल्ल.) सर्वांच्या आधी हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या बिनखोगिराच्या घोड्यावर त्या दिशेने जाऊन आले होते, गळ्यात तलवार लटकत होती आणि ते लोकांना सांगत होते, घाबरू नका. मला या प्रसंगात शस्त्राची कसोटी दिसते. तलवार होती, पण तिच्यामुळे लोकांचे भय कमी झाले. ज्याच्या हातात शस्त्र आल्यावर घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे भय वाढते, त्याने आपण कोणत्या दरवाजाने आलो हे पुन्हा तपासून पाहावे.

दुकानदार बंधूंना मी परवाना काढू नका असे सांगितले नाही. तो हक्क त्यांना कायद्याने मागता येतो आणि द्यायचा की नाही ते प्रशासन ठरवील. मी नसाईतील त्या तीन पायऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांपैकी दुसरी त्यांनी चढली आहे: गल्लीतील अकरा दुकानदारांनी, त्यांत चार हिंदू बंधू आहेत, वर्गणी काढून रात्रीचा पहारेकरी नेमला. अर्ज मात्र अजून त्यांच्या गल्ल्यात घडी करून ठेवलेला आहे. गेल्या जुमाला त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा मी एवढेच विचारले की, बंदूक आली तर तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील? त्यांचा थोरला मुलगा सतरा वर्षांचा आहे, तापट आहे आणि बारावीला नापास झाल्यापासून घरात कोणाशी बोलत नाही. ते काही वेळ चपला शोधत राहिले, मग ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेले.