मोखाड्याची घागर



प्रायश्चित्तकाळातील या रविवारच्या शुभवर्तमानात (योहान ४) आपल्याला शोमरोनी स्त्री भेटते. भर दुपारी घागर घेऊन ती याकोबाच्या विहिरीवर येते. प्रवासाने थकलेला प्रभू येशू तिथे बसलेला आहे. विहीर खोल आहे, त्याच्याजवळ पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याचा पुढचा संवाद आपल्या चांगला परिचयाचा आहे. आज मात्र आपण सुरुवातीपाशीच थांबू या. जो सर्वांना देतो, तो इथे आधी मागतो. ज्या समाजाला यहुदी लोक कमी लेखत, त्या समाजातल्या एका बाईच्या घागरीतले पाणी प्रभूला हवे आहे.

ती विहीर आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, आपल्याच वसई धर्मप्रांताच्या हद्दीत मोखाडा तालुका आहे. सह्याद्रीच्या उंच डोंगररांगांत वसलेल्या या तालुक्यात दहापैकी नऊ जण आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी बांधवांचे पाडे डोंगरांच्या कुशीत विखुरलेले आहेत. कुठे दहा घरे, कुठे चाळीस. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेले अंगण. उतारावरच्या तुकड्यात नाचणी, वरई आणि खाचरात थोडे भात. उन्हाळ्यात पालापाचोळा, गोवऱ्या रचून राब भाजायचा, त्यावर पेरायचे आणि पावसात रोपांची लावणी करायची. कष्टांत काही कमी नाही, पण पीक एकच, आणि तेही वर्षभर पुरत नाही.

मोखाड्यात पाऊस कमी पडतो का? मुळीच नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तिथे कोसळतो. परंतु खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उभा उतार. पाणी मुरत नाही, ते धावत खाली निघून जाते. फेब्रुवारी-मार्च उजाडला की विहिरी तळ गाठू लागतात. मग टँकरची वाट पाहायची. टँकर आला नाही तर डोक्यावर हंडे घेऊन घाट उतरायचा, ओहोळाच्या पात्रात खड्डा करायचा, त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरायचे आणि पुन्हा चढण चढायची. हे काम बायकांचे आणि मुलींचे. पहाटेच्या अंधारात विहिरीवर नंबर लावणाऱ्या मुलीची शाळा किती दिवस टिकणार?

आणि खाली धावत गेलेले पाणी कुठे जाते? वैतरणा नदीवर मुंबईसाठी एकामागून एक धरणे झाली. मोडकसागर १९५७ सालचे. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ साली लोकार्पण झाले. त्या एका धरणातून मुंबईला दररोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळते. आपल्या वसई-विरारच्या नळाला येणारे पुष्कळसे पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे आहे. सूर्या प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी आखला गेला होता. तेव्हा शोमरोनी स्त्रीकडे प्रभूने जे मागितले, ते आपल्याला न मागताच मिळाले आहे. डोंगरातली बाई रोज आपली तहान भागवते आहे, आणि तिची स्वतःची घागर कोरडी आहे.

हे दुःख वसईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या बावखलांच्या, विहिरींच्या गावांतून टँकर भरभरून पाणी जाऊ लागले, तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे रस्त्यावर उतरली. आपल्या विहिरीचे पाणी दुसरीकडे जाताना काळजात काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहे. मग मोखाड्याचे दुःख आपल्याला परके कसे वाटेल?

पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही. दुसरे पीक नाही म्हणून दिवाळीनंतर घराला काटेरी फांदी लावून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. मुलेही सोबत जातात. अंगणवाडीचा आहार सुटतो, लसीकरण चुकते, शाळा बुडते. भूक अशी पायरीपायरीने येते. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. १९९५ साली शासनाने नवसंजीवनी योजना आणली. पुढे आणखीही योजना आल्या, अनेक सेवाभावी डॉक्टर आणि कार्यकर्ते तिथे झटत आले. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या एका पाड्यावर घरीच जन्मलेली जुळी बाळे दगावली. रस्ता नव्हता म्हणून रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला झोळीत घालून चिखलवाटेने खाली आणावे लागले. ज्या मरियेला बाळंतपणासाठी जागा मिळाली नाही, तिची आठवण आपण दर नाताळात करतो. ती आठवण या आईपर्यंत पोहोचायला हवी.

शुभवर्तमानातली एक छोटी गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. येशूशी बोलून झाल्यावर ती स्त्री आपली घागर तिथेच ठेवून गावात धावत जाते. ज्या घागरीने तिला रोज विहिरीशी बांधून ठेवले होते, ती ती क्षणभर खाली ठेवू शकली. म्हणूनच ती साक्ष द्यायला मोकळी झाली. तारण कसे असते, ते या ठेवलेल्या घागरीत दिसते. मोखाड्याच्या मुलीच्या डोक्यावरची घागर खाली उतरेल, ती वही हातात घेईल, तेव्हा तिच्याही जीवनात सुवार्ता पोहोचली असे म्हणता येईल.

मग आपण काय करावे? जुने कपडे आणि खाऊची पाकिटे घेऊन एक दिवस जाऊन यावे, एवढ्याने भागेल का? महान संत ग्रेगरी यांची शिकवण कडक आहे. गरजवंताला आपण देतो तेव्हा आपले काही देत नसतो, त्याचेच त्याला परत करत असतो, असे ते सांगतात. हे दान नव्हे, हे ऋण आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे शिकवले. आणि ऋण फेडणारा माणूस मान खाली घालून, नम्रतेने जातो.

नम्रतेने गेलो तर त्या डोंगरांकडून घेण्यासारखेही खूप आहे. नवे धान्य देवाला अर्पण केल्याशिवाय तोंडी न घालणारा हा समाज आहे. बायबलमधल्या प्रथमफळांची आज्ञा त्यांना कोणी शिकवली नव्हती. बोहाड्याच्या उत्सवात रात्र रात्र मुखवटे नाचवणारी, दारिद्र्यातही आनंद वाटून घेणारी ही माणसे केवळ कीव करण्याजोगी नाहीत. येशूने त्या स्त्रीची कीव केली नाही, तिच्याशी बरोबरीने बोलला.

या प्रायश्चित्तकाळात आपण तीन गोष्टी करू या. नळ सोडताना हे पाणी कुठून आले याची घरातल्या मुलांना आठवण देऊ आणि एक थेंबही वाया घालवणार नाही. आपल्या वाडीत, बांधकामावर त्या डोंगरांतून कामाला आलेल्या कुटुंबाला पूर्ण आणि वेळेवर मजुरी देऊ, त्यांची नावे विचारू, त्यांची मुले जवळच्या शाळेत बसतील हे पाहू. आणि उपवासातून वाचलेले पैसे विहिरीचा गाळ काढणे, ओहोळावर बंधारा घालणे, पाण्याची टाकी बांधणे अशा कामांसाठी बाजूला ठेवू. ते काम कोणते असावे हे मात्र पाड्यावरच्या बायकांना विचारून ठरवू, कारण पाण्याची वाट त्यांच्याच पायांना ठाऊक आहे.

शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू तहानेचाच प्रश्न विचारणार आहे (मत्तय २५). विहिरीपाशी पाणी मागणारा आणि न्यायासनावर बसणारा एकच आहे. हे प्रभो, ज्यांच्या पाण्यावर आम्ही जगतो, त्यांची तहान आम्हांला स्वस्थ बसू देऊ नये, असे कर. आमेन.