माहेरी न आलेली चित्रे

चित्रप्रदर्शनाशी तीन माणसांचा संबंध असतो: चित्र काढणारा, ते पाहणारा आणि ज्याचे चित्र काढले तो. पहिल्या दोघांविषयी पुष्कळ लिहिले जाते. चित्रकाराचे नाव होते, पाहणाऱ्याला काहीतरी गवसते. तिसरा बहुतेक वेळा दालनाच्या बाहेरच राहतो. आपण कुठे टांगले गेलो आहोत, याची त्याला खबरही नसते. प्रदर्शनाची नीती या तिसऱ्या माणसापासून सुरू होते, आणि कौंडण्यपूर हे त्याचेच गाव आहे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी हे गाव वसले आहे. नदीपलीकडे वर्धा जिल्हा लागतो. परंपरा याला भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानते. महाभारतातल्या नलोपाख्यानातील कुंडिनपूर, म्हणजे दमयंतीच्या पित्याचे नगर, तेही हेच असे समजले जाते. लोपामुद्रा, इंदुमती आणि केशिनी यांची नावे जोडून वऱ्हाडात याला पंचसतींचे माहेर म्हणतात. येथून पंढरपूरला पायी जाणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. गावाचे प्राचीनत्व केवळ कथेवर उभे नाही. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1968 साली राज्य शासनाने प्रसिद्ध केला.

या गावच्या लेकी भारतीय चित्रकलेत सर्वाधिक रंगवल्या गेलेल्या स्त्रियांपैकी आहेत. राजा रविवर्मा यांचे ‘हंस-दमयंती’ 1899 सालचे. लाल साडीतली दमयंती उभी आहे, कठड्यावर बसलेला पांढरा हंस नलाचे गुण सांगतो आहे आणि ती सारे अंग कानांत आणून ऐकते आहे. मूळ चित्र तिरुवनंतपुरममध्ये आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी चित्रकारांनी नल-दमयंतीची कथा चित्रमालिकांतून सांगितली. त्यांतली काही चित्रे जम्मूच्या अमर महाल संग्रहालयात आहेत, तर काही रेखाटने थेट बॉस्टनच्या संग्रहालयात. विदर्भाची राजकन्या देवदाराच्या प्रदेशातल्या माणसांनी मन लावून रंगवली, याचा वऱ्हाडाला आनंदच वाटावा. पण ज्या गावाच्या नावावर हे सारे उभे राहिले, तिथे यातले एकही मूळ चित्र पोचले नाही.

रविवर्म्यांनी यावर आपल्यापरीने उपाय केला होता. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली चित्रे देवघरांत, दुकानांत, माजघरांत पोचली. कलासमीक्षकांनी या चित्रांना पुढे बाजारू म्हणून हिणवले. तो न्याय नव्हता. राजवाड्यातले चित्र पहिल्यांदाच सामान्यांच्या भिंतीवर आले, ही घटना रंगसंगतीच्या गुणदोषांहून मोठी होती.

आजची कला राजकन्यांकडून कष्टकऱ्यांकडे वळली आहे. कापूस, दुष्काळ, स्थलांतर, खाणी हे तिचे विषय झाले. विदर्भातलेच उदाहरण प्रभाकर पाचपुते यांचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावात 1986 साली त्यांचा जन्म झाला. घरातल्या पिढ्यांनी खाणीत काम केले. ते कोळशाने चित्रे काढतात; अनेकदा थेट भिंतीवर. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्र येते आणि काम माणसाला कसे गिळते ते एका नजरेत कळते. 2012 साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले. पुढे साओ पावलो, कोची आणि व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांतून त्यांचे काम जगाने पाहिले. 2021 मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ हा सन्मान त्यांना इतर पाच कलावंतांबरोबर विभागून मिळाला. हा कलावंत परका नाही, तो त्याच मातीतला साक्षीदार आहे. म्हणून प्रश्न त्याच्यासाठी नाही. प्रश्न आहे तो कलासंस्थांसाठी: खाणीची वेदना वेल्समधल्या कार्डिफला दाखवण्याची सोय होते, तर सास्तीजवळच्या राजुऱ्याला का होत नाही?

याच अस्वस्थतेचे सर्वांत प्रामाणिक उत्तर महाराष्ट्रात सुधीर पटवर्धन यांनी दिले. 1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. 1975 पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात वैद्यकीय काम केले आणि त्याच वेळी लोकल गाडी, इराणी हॉटेल, पूल, गिरण्यांचे लोअर परळ आणि तिथली माणसे रंगवली. त्यांची माणसे दयेसाठी हात पसरत नाहीत. स्वतःच्या वजनानिशी उभी असतात. अशा माणसांची चित्रे केवळ मुंबईच्या दालनांत लागावीत, हे त्यांना पटेना. समकालीन भारतीय चित्रकारांची कामे घेऊन त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन सिद्ध केले. 2008-09 मध्ये ते महाराष्ट्रातल्या आठ शहरांत गेले. स्वतःच्या नावाचा गाजावाजा करण्याऐवजी एका मान्यवर चित्रकाराने दुसऱ्यांची चित्रे गावोगाव न्यावीत, याची उदाहरणे आपल्याकडे फार कमी आहेत.

कला लोकांच्या दारी नेण्याचे असे आणखीही प्रयत्न झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये संग्रहालयाची बस सुरू केली. ती शाळांच्या आणि गावांच्या दाराशी जाऊन उभी राहते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरील छायाचित्रे बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दाराशी आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडली. म्हणजे छायाचित्रांतल्या बायांसारख्याच बाया ती पाहू शकल्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभारले; 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची तर रीतच अशी की चित्रांची पोथी घेऊन कलावंत प्रेक्षकांपुढे जातो.

अशा प्रयत्नांवर एक आक्षेप ठरलेला असतो: खेड्यातल्या लोकांना आधुनिक कला कळणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने वऱ्हाडातली भुलाबाई पाहिलेली नसते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडतात, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात, रोज भोवती बसून गाणी म्हणतात आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. वस्तू, जागा, आवाज, चव आणि पाहणाऱ्याचा सहभाग, हे सारे त्यात आहे. शहरी दालनात यालाच मांडणशिल्प म्हटले जाते आणि त्यावर लांबलचक टिपण लावले जाते. ज्या मुलीने भुलाबाई मांडली तिला पाचपुत्यांच्या दिवा-डोक्याच्या माणसापुढे उभे केले, तर ती गोंधळून जाईल असे मानण्यात तिचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप खरा आहे. मूळ चित्राला ऊन, दमट हवा आणि धूळ सोसत नाही. विमा, पहारा, वाहतूक यांना पैसे लागतात. पण या अडचणी व्यवस्थेच्या आहेत आणि व्यवस्थेने त्या सोडवायच्या असतात. सगळे मूळ आणता येणार नाही. कोळशाची भिंतचित्रे मात्र कलावंत आला की जागेवरच उभी राहतात. मोठ्या प्रदर्शनाच्या खर्चात उद्घाटनाच्या समारंभाला तरतूद असते, छापील पुस्तिकेला असते. ज्यांच्या जगण्यावर प्रदर्शन उभे आहे त्यांच्या गावी ते नेण्यासाठीही असायला हवी. ती कृपा नव्हे, देणे आहे.

चित्रकार अतुल दोडिया यांनी 2014 मध्ये मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ‘7000 संग्रहालये’ या नावाने प्रदर्शन केले. देशभर लहान-लहान ठिकाणी संग्रहालये असावीत ही त्यामागची कल्पना. कौंडण्यपूरला सुरुवात त्याहून साधी करता येईल. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास येथे यात्रा भरते. कपाशीची वेचणी सुरू असते आणि आसपासच्या गावांतली माणसे दर्शनाला येतात. त्या दिवसांत अमरावती-नागपूरच्या कलामहाविद्यालयांनी आणि मुंबईच्या एखाद्या दालनाने मिळून यात्रेत एक पाल टाकावे, चार-दोन चित्रकारांना तिथे कामाला बसवावे, प्रत्येक चित्राखालची पाटी मराठीत लिहावी आणि प्रवेशाला पैसे घेऊ नयेत.