होपफुली

आयसीयूबाहेरच्या बाकावर आई आणि मी बसलो होतो. बाबांना आत नेऊन तीन दिवस झाले होते. डॉक्टर बाहेर आले, चालता चालताच म्हणाले, "होपफुली, परवा वॉर्डात हलवू," आणि जिन्याकडे वळले. आईला इंग्रजी जेमतेम कळतं. तिने विचारलं, "परवा हलवणार ना?" मी "हो" म्हटलं आणि आतून चरकलो. डॉक्टर 'हो' म्हणालेच नव्हते.

'होपफुली' हा शब्द मग डोक्यातून जाईना. त्याचा मूळ अर्थ अगदी साधा, 'आशेने'. मूल दाराकडे होपफुली बघतं तेव्हा आशा त्या मुलाच्या डोळ्यांत असते. दुसरा अर्थ मात्र अख्ख्या वाक्यावर पसरतो. 'होपफुली, गाडी वेळेवर येईल.' आता गाडी काही आशा धरून धावत नाही. आशा बोलणाऱ्याची, आणि वाक्यात तो कुठेच नाही! १९६० नंतर अमेरिकेत हा वापर ज्याच्या त्याच्या तोंडी झाला, तसा भाषेच्या जाणकारांनी त्याच्यावर दात धरला. 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' हे लेखनाचे धडे देणारं चिमुकलं पुस्तक तिथे पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं. त्यातही या वापराला थारा नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमपुस्तिकेने तो मान्य केला, तेव्हा एप्रिल २०१२ उजाडला होता.

व्याकरणाचा हा आक्षेप मला पटत नाही. 'फ्रँकली', 'फॉर्च्युनेटली' हे शब्दही असेच वाक्यावर पसरतात, आणि त्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. जर्मन भाषेत तर या कामासाठी 'होफन्टलिश' हा वेगळा शब्दच आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या मनातली बोच खरी आहे. ही आशा नेमकी कुणाची?

त्या बाकावर मला हाच प्रश्न पडला होता. आपण मराठीत 'बहुधा' म्हणतो तेव्हा तो नुसता अंदाज असतो, त्यात जीव अडकलेला नसतो. 'परवा हलवलं म्हणजे मिळवली' म्हटलं, की बोलणाऱ्याचा टांगलेला जीव लगेच ऐकू येतो. आणि 'येवो', 'होवो', 'लाभो' ही रूपं तर मला मराठीचं मोठं धन वाटतात. 'बाबा बरे होवोत.' यातही 'मी' कुठे नाही, तरी कुणीतरी हात जोडून उभं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी करताना पसायदान मागितलं, ते अशाच क्रियापदांनी. 'होपफुली'त थोडा अंदाज असतो, थोडी आशा असते. कुठलं किती, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. डॉक्टरांना तो शब्द का लागतो, हे मी समजू शकतो. वचन देता येत नाही आणि समोरच्याला रिकाम्या हाताने पाठववतही नाही. पण ऐकणाऱ्याच्या पदरात अंदाज पडला की आशा, हे त्याला कळायला हवं. आईला ते कळलं नव्हतं, आणि तिला सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

संध्याकाळी तेच डॉक्टर पुन्हा आले. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "परवा नक्की ना?" ते थांबले. मग तिच्याशेजारी बाकावर टेकले.

"काकू, नक्की नाही सांगता येत. आज ऑक्सिजन थोडा कमी केलाय. आजची आणि उद्याची रात्र नीट गेली, तर हलवू. मलाही तसंच व्हावंसं वाटतंय."

आई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "तसंच होवो," ती म्हणाली, आणि सकाळपासून तसाच पडलेला डबा तिने उघडला.