मनाचं गायरान

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवीबंदीचा ठराव केला. आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. ही बातमी देशभर गेली. याच गावाचा दुसरा निर्णय मात्र बातमीच्या शेपटाला राहिला: संध्याकाळी ७ ते ९ या वेळात मुलांच्या हातात मोबाईल नको. मला तोच मोठा वाटतो. त्याआधी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने असंच ठरवलं होतं. तिथे सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक.

ही जबरदस्ती झाली, असं कुणी म्हणेल. पण आपल्या नगर जिल्ह्याला बंदीचा वेगळा अर्थ ठाऊक आहे. इथल्याच हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं. डोंगर उघडा पडत असताना एकट्याने आपली शेळी दावणीला बांधून काही साधलं नसतं. ते गवत शेजाऱ्याच्या शेळीने खाल्लं असतं. सगळ्यांनी बांधल्या तेव्हाच गवत उभं राहिलं. माणसाचं लक्षही असंच गायरान आहे. सगळा ग्रुप रात्री एक वाजता जागा असताना एकानेच फोन बाजूला ठेवायचा, तर तो एकटा पडतो, आणि एकटं पडण्याचीच तर त्याला धास्ती असते.

म्हणून विशी-बाविशीच्या पोरांना ‘मनावर ताबा ठेवा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. नेवाशातच, पैसाच्या खांबाला टेकून, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार हीच आहे, की मन आवरत नाही. त्याच्यासमोर निदान फक्त स्वतःचं मन होतं. आज ते आवरू नये याच कामावर हुशार माणसं पगारी बसली आहेत. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, रील्सना नसतं. खाली सरकत राहणारं, कधीच न संपणारं हे पान २००६ च्या सुमारास आझा रास्किन यांनी तयार केलं. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. अशा पानावर पुढे काय येईल ते माहीत नाही, दहांतलं एखादंच मनासारखं निघतं, आणि त्या एकासाठी बोट सरकत राहतं.

नगरच्या सावेडीतल्या एका अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारा मुलगा माझ्या समोरच बसला होता. फोन सायलेंट करून पुस्तकाखाली उपडा ठेवलेला. चार-पाच मिनिटं झाली की पुस्तकाची कड उचलायचा, फोन उलटून बघायचा, परत ठेवायचा. काहीच आलेलं नसायचं. दीड तासात पान उलटलं नाही. बाहेर चहाला भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘सर, मनच लागत नाही ओ. रात्री झोप पण येत नाही.’’ त्याच्याबरोबरचा मित्र भरती झाला होता, त्याचा वर्दीतला फोटो स्टेटसला होता. तो त्याने मला उघडून दाखवला, आणि मग स्वतःच बराच वेळ बघत राहिला.

फोनमुळे याचं मन खचलं, की खचलेलं मन फोनकडे वळलं? दोन्ही. निकालाची भीती, रिकाम्या हाताने गावी परतायची लाज, या गोष्टी फोनने आणलेल्या नाहीत. फोनने त्यांना रात्रभर जागं ठेवलं. त्यामुळे अशा पोराला ‘व्यसनी’ म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, पण नुसत्या मोबाईलच्या वापराला नाही. हात मोबाईलकडे जातो तेव्हा पोरगा कशापासून पळतोय, हे आधी विचारायला हवं.

सौंदाळ्याचा नियम मुलांसाठी आहे. बाविशीचा पोरगा गाव सोडून नगरला, पुण्याला खोली करून राहतो. तिथे ग्रामसभा नाही. मग खोलीतल्या चौघांनीच आपली ग्रामसभा भरवावी. रात्री दहाला चारही फोन एका ताटात ठेवावेत आणि ताट दाराबाहेर. पहिले काही दिवस हात खिशाकडे जाईल, जाऊ द्यावा. आणि चौघांतला एखादा त्या अंधारात बोलायला लागला, तर त्याला मध्येच तोडू नये. तेवढ्यानेही भागलं नाही तर सरकारची टेली-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.